दुकान बंद

फेब्रुवारी २०१२ मध्ये चंद्रपुरात ८५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते वसंत आबाजी डहाके. त्याआधी १९७९ साली वामन चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली एक संमेलन इथे होऊन गेले होते, म्हणजे चंद्रपूरला हा मान दुसऱ्यांदा मिळाला होता. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. तिन्ही दिवस गेलो आणि बहुतेक वेळ पुस्तकांच्या स्टॉलवरच काढला. त्यामुळे परिसंवादात कोण काय बोलले यावर मी निवाडा देणार नाही. मला आठवते ते एवढेच, की घरी येताना पिशवीत सात पुस्तके होती आणि शेजारच्या जिल्ह्याबद्दल त्यांत एक ओळही नव्हती. ही निवड माझीच होती.

संमेलनाचा मांडव उतरून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २७ मार्च रोजी गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या पुस्टोलाजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १२ जवान गेले. आमच्या हॉस्टेलच्या टीव्हीवर ती बातमी आली तेव्हा कुणीतरी चॅनेल बदलले. मीही काही म्हटले नाही.

आज हे का आठवावे? ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. १९८० च्या सुमारास सिरोंच्याच्या बाजूने या जंगलात शिरलेली चळवळ आता संपत आली आहे, असे सरकार सांगते. संपली तर कुणाला नको आहे? पण बंदुका शांत झाल्या की लिहिण्याचा मोसम सुरू होतो. अधिकाऱ्यांच्या आठवणी येतील, शरण आलेल्यांच्या मुलाखती येतील, पत्रकारांचे ग्रंथ येतील, एखादी वेब सीरिजही येईल. या सगळ्यांना जागा असावी. मला काळजी आहे ती त्या माणसांची, जी चाळीस वर्षे दोन बंदुकांच्या मध्ये दुकान उघडत आणि बंद करत राहिली. त्यांचे कुणी लिहिणार नाही, आणि तेही लिहिणार नाहीत, कारण आपल्याकडे लिहिण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नाही.

जगभर सध्या लेखकांच्या मोठ्या मेळाव्यांत हाच विषय आहे: संघर्षाच्या काळात साहित्याने काय करावे? आणि मेळावेच त्या प्रश्नापुढे कोसळताना दिसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांना पुरस्कार द्यायचा होता. तो समारंभ पुढे ढकलला गेला. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पेन या लेखक संघटनेला आपला आंतरराष्ट्रीय महोत्सवच रद्द करावा लागला, कारण गाझाबद्दल संघटनेने पुरेसे बोलले नाही म्हणून एकामागून एक लेखकांनी अंग काढून घेतले. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा स्टेटस ठेवले, निषेधाच्या सह्या केल्या. मीही केली. त्याची मला लाज नाही, परत वेळ आली तर परत करीन. पण त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारले, "तू चंद्रपूरचा ना, मग धानोरा तुमच्याकडून किती लांब?" आणि मला फोनवर नकाशा उघडावा लागला.

गाझातल्या गल्ल्यांची नावे पाठ आणि शेजारचा तालुका माहीत नाही, हे फक्त माझे असेल असे मला वाटत नाही.

या जंगलावर मराठीत मुळीच लिहिले गेले नाही असे नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात अनेक वर्षे राहिलेल्या विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी आहे. माडिया तरुण त्या वाटेला कसा लागतो, वन खात्याचा शिपाई, ठेकेदार, पोलीस आणि दलम या सगळ्यांत कसा पिळला जातो, हे त्यांनी जवळून पाहून लिहिले. चंद्रपूरचे सुरेश द्वादशीवार यांची 'हाकुमी' आहे. मेंढा-लेखा या गावाबद्दल मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' आहे. ते तर प्रत्येकाने वाचावे, कारण बंदुकीच्या छायेतही एक गाव ग्रामसभेत गोल बसून, सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत राहते, अभ्यासगट चालवते, आणि शेवटी आपल्या जंगलावरचा, आपल्या बांबूवरचा हक्क कायद्याने मिळवते, हे त्यात आहे. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तो चाळीस वर्षांतला एक मोठा विजय होता आणि त्यात एकही गोळी झाडली गेली नाही.

ही पुस्तके प्रामाणिक आहेत. तरी ती शेजारी बसून लिहिलेली आहेत, आतून नाहीत, आणि हे त्यांचे लेखकही नाकारणार नाहीत. माडिया माणसाने माडियात किंवा मराठीत लिहिलेली कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही. नंदुरबारकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता आहे. आदिवासींचे दुःख दुसरेच कुणीतरी मंचावरून आदिवासींना ऐकवतात, हा तिचा विषय. ती वाचताना मला प्रत्येक वेळी आपल्या समाजावरचे परिसंवाद आठवतात. विषय मुसलमान, वक्ते तिघे, आणि मुसलमान खाली सतरंजीवर.

आपल्याकडे निदान काही माणसांनी तो मंच स्वतः उभारला. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली. कोकणातल्या एका गावात हिंदू-मुस्लिम तणाव कसा पेटतो हे त्या गावातल्याच माणसाच्या नजरेने सांगणारी ती कादंबरी. दलवाईंच्या पुढच्या विचारांशी तुमचे पटो न पटो (माझे काही पटते, काही नाही), पण 'इंधन' वाचताना कुणीतरी बाहेरून आपल्या खिडकीतून डोकावतो आहे असे वाटत नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांची धडपड होती. मराठी ही आमचीही भाषा आहे आणि आमचे आम्ही लिहू, इतके साधे म्हणणे होते ते. पस्तीस वर्षांनंतर आपण किती लिहिले याचा हिशेब मी इथे मांडत नाही. तुम्हालाही तो माहीत आहे.

आता मामूंबद्दल सांगतो.

माझे मामू गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीच्या पलीकडे एका गावात टायर-पंक्चरचे दुकान चालवतात. गावाचे नाव लिहू नको, ही त्यांचीच अट. आपल्या लोकांची त्या भागातली वस्ती तशी तुरळक. सडकेवरच्या गावांत कुणाचे गॅरेज, कुणाचे टेलरिंग, कुणी तेंदूपत्त्याच्या मोसमात ट्रकवर. मामू १९९० च्या आसपास तिथे गेले आणि राहिले. गेल्या वर्षी दुकानाचे पत्रे बदलायचे होते म्हणून मी मदतीला गेलो, तर माळ्यावर वह्यांचा गठ्ठा निघाला. लाल कापडी पुठ्ठ्याच्या हिशेबाच्या वह्या. मामू जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले, म्हणून हिशेब मराठीत. फक्त सगळ्यात वर, पहिल्या पानावर, उर्दूत बिस्मिल्लाह.

जमाखर्चाच्या मधे मधे एक-दोन शब्दांच्या नोंदी आहेत. 'दुकान बंद.' 'दुकान बंद, सप्ताह.' 'एसटी नाही.' 'पूल उडाला, गिऱ्हाईक नाही.' 'रात्री दोन ट्यूब, पैसे नाही मागितले.' सप्ताह म्हणजे २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर, माओवाद्यांचे दोन आठवडे. त्या तारखा वर्षानुवर्षे जशाच्या तशा येतात, ईद आणि दिवाळीसारख्या. भाडे महिन्याचे द्यायचे, दुकान किती दिवस चालले ते मालकाला दाखवायचे, एवढ्यासाठी ते लिहिलेले. माझ्या कामात आम्ही सिस्टिमचे लॉग वाचतो. लॉग काही मत देत नाही. कधी काय झाले ते सांगतो, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो. मी त्या वह्या तशाच वाचायला बसलो आणि रात्री दीडला मामींनी दिवा बंद करायला सांगितले तेव्हा उठलो.

एका पानावर एका मुलाची उधारी आहे. ३४० रुपये. मोटरसायकलचे काम. बाकी सगळ्या जुन्या उधाऱ्यांवर आडवी रेघ मारलेली, या एकावर नाही. मी विचारले तेव्हा मामूंनी सांगितले. हा मुलगा तालुक्याला कॉलेजात जायचा. एका सकाळी रस्त्याच्या कडेला सापडला, शेजारी लाल शाईचे पत्रक, त्यात 'खबऱ्या' असे लिहिलेले. होता का तो खबऱ्या? मामू म्हणाले, "मुझे क्या मालूम रे. ट्यूब अच्छी पहचानता था." मग मी विचारले, इतकी वर्षे झाली, रेघ का नाही मारली. "लाइन तो पैसा आने पे मारते."

मी म्हटले, मामू, हे लिहायला पाहिजे. ते हसले. "इसमें लिखने जैसा क्या है? हिसाब है."

गडचिरोलीत सर्वात जास्त वाचले गेलेले संघर्षसाहित्य म्हणजे ही पत्रके. एका बाजूची लाल शाईची, झाडाला किंवा मृतदेहाला लावलेली. दुसऱ्या बाजूची छापील, फोटो आणि बक्षिसाच्या रकमेसह. गाणी आणि नाटकेही दोन्हीकडे होती. माओवाद्यांचे चेतना नाट्य मंच होते, पोलिसांचे जनजागरण मेळावे होते. या सगळ्या वाङ्मयात गावातल्या माणसाला दोनच भूमिका मिळाल्या: खबऱ्या किंवा समर्थक. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यात कसनासूर-बोरियाच्या चकमकीत सुमारे चाळीस माणसे मारली गेली. गट्टेपल्ली गावाची काही तरुण मुले त्यात होती. पोलिसांचे म्हणणे, ती दलमात नव्याने भरती झाली होती. घरच्यांचे म्हणणे, ती लग्नाला निघाली होती. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ स्फोटात १५ पोलीस गेले. आणि गाडीचा चालक. बातमीत तो असाच येतो, 'आणि चालक'. गाडी खाजगी होती. ज्यांच्या घरात ड्रायव्हर आहेत त्यांना ते 'आणि' कुठे लागते ते विचारा.

एका शब्दात माणूस संपवण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. आपल्यासाठी शब्द वेगळे आहेत, एवढेच. २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेले नऊ मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. मुंबईच्या ७/११ लोकल स्फोट खटल्यात २०१५ ला निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी तुरुंगातल्या अनुभवावर 'बेगुनाह कैदी' लिहिले. त्याच खटल्यात शिक्षा झालेल्या बाकीच्या बारा जणांना जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. निकालाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, ते त्याच्या जागी. पण निकाल येईपर्यंतची एकोणीस वर्षे कशी होती हे कळायला वाहिद शेख यांचे पुस्तक नसते, तर आपल्याकडे फक्त आरोपपत्र असते.

आणि लिहिण्या-वाचण्याची भीती? ती खरी आहे, तिला उगाच 'घाबरू नका' म्हणून उडवून लावणार नाही. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे २ जानेवारी २०११ रोजी वर्ध्याला एका साहित्य संमेलनाहून परतत होते. रेल्वे स्थानकावर त्यांना अटक झाली. घरातली पुस्तके जप्त झाली. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तोवर चाळीस महिने तुरुंगात गेले होते. पुढे २०१८ मध्ये ते एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा आत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये जामिनावर बाहेर आले. तो खटला अजून उभा आहे. त्याच प्रकरणातल्या वर्नन गोन्साल्विस यांना जामीन देताना जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नुसते साहित्य जवळ बाळगणे, त्यात हिंसेचा प्रचार असला तरी, हे स्वतःहून दहशतवादी कृत्य होत नाही. हा निकाल तुम्ही लक्षात ठेवा. पण हेही लक्षात ठेवा, की ते वाक्य मिळेपर्यंत गोन्साल्विस पाच वर्षे आत होते. माझ्या अब्बूंनी माझ्या कपाटातली दोन पुस्तके एकदा न विचारता रद्दीत दिली. मी भांडलो. आज त्यांना दोष देववत नाही.

भीतीला वाट काढण्याची एक रीत याच मुलखात आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष फार कमी जाते. झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळीनंतर मंडई भरू लागल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत नाटके सुरू होतात ती होळीपर्यंत. रात्री दहाला पडदा वर जातो, सकाळी कोंबडे आरवायला लागतात तेव्हा खाली येतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे मुख्य ठाणे; तिथल्या सडकेवर नाटक कंपन्यांची कार्यालये ओळीने दिसतात आणि गावोगावचे लोक तिथे येऊन नाटक ठरवतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यातल्या माझ्या नाटकवेड्या मित्रांनी मला विचारले, हे कोण? आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा जनरेटर घेऊन या नाटकांना जायचे. त्यांच्याबरोबर मी शाळेत असताना दोनदा गेलो आहे, अम्मीला न सांगता.

त्या नाटकांत नक्षलवादावर थेट बोलणे मी ऐकले नाही. दारू, हुंडा, जमिनीचा वाद, शहरात जाऊन बिघडलेला मुलगा, असे विषय. पण एका नाटकात पोरगा रात्री उशिरा घरी येतो आणि आई दार उघडण्याआधी विचारते, "एकटाच आहेस ना?" हजार-दीड हजार माणसांचा मांडव त्या वाक्याला एकदम गप्प झाला. मी दहावीत होतो, मला कळले नाही. चाचांनी परतताना समजावून सांगितले, की इथे रात्री दार वाजले तर बाहेर कोण असेल ते कुणालाच माहीत नसते. नाटककाराने कुणाचे नाव घेतले नव्हते. घेण्याची गरजही नव्हती.

चंद्रपूरच्या तुरुंगात गैबीशाह वलींचा दर्गा आहे. मोहरमला तुरुंगाचे दार लोकांसाठी उघडते. लहानपणी अम्मीचा हात धरून मी त्या रांगेत उभा राहिलो आहे. हिंदू, मुसलमान सगळेच असायचे. त्याच आवारात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या याच तुरुंगात फाशी दिली, आणि गोंड समाज दरवर्षी त्या दिवशी पिंपळाजवळ आदरांजलीला जमतो. एकाच भिंतीआड दोन समाजांची आठवण आहे, आणि मी ती रांग सात-आठ वर्षे लावूनही त्या झाडाबद्दल कुणाला विचारले नाही. कुणी सांगितलेही नाही. अम्मीलाही माहीत नव्हते.

युक्रेनमधली एक गोष्ट मामूंना सांगितली. वोलोदिमिर वाकुलेन्को नावाचा मुलांसाठी लिहिणारा लेखक होता. २०२२ च्या मार्चमध्ये रशियन सैन्याने त्याला उचलून नेले आणि मारले. नेण्याआधी त्याने आपली रोजनिशी बागेतल्या चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली होती. विक्टोरिया अमेलिना या लेखिकेने ती सप्टेंबरमध्ये खणून काढली. पुढच्या वर्षी क्रामातोर्स्कच्या एका रेस्टॉरंटवर क्षेपणास्त्र पडले तेव्हा ती परदेशी लेखकांबरोबर तिथे जेवत होती. त्यातच ती गेली. मामूंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "डायरी में क्या था?" मी म्हटले, रोजचेच, सैन्य आल्यावर घरी काय काय घडले ते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, वह्या घेऊन जा, पण नावे बदल.

तर मी आता त्या वह्या स्कॅन करतो आहे. एकूण तेवीस. काही पानांना ग्रीस लागलेले आहे, ती हाताने उतरवावी लागतात. या अंकापासून आपण त्यातल्या नोंदी क्रमाने छापणार आहोत, मराठीत जशा आहेत तशा, दुसऱ्या भाषेत थोड्या टिपांसह. वडसा, आरमोरी, अहेरी, सिरोंचा, राजुरा, बल्लारपूर इथल्या वाचकांना विनंती आहे: तुमच्या घरी कुणाच्या वह्या असतील, ट्रकच्या लॉगबुका असतील, कुणा आजीला एखादी रात्र आठवत असेल, तर ती आमच्याकडे पाठवा. घरात ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत पाठवा. मराठी, उर्दू, आपली बाजारातली हिंदी, काहीही चालेल. गोंडी किंवा माडिया बोलणारे मित्र असतील तर त्यांना विचारा, त्यांची परवानगी घ्या, आणि लेखक म्हणून त्यांचेच नाव घाला, किंवा त्यांना नको असेल तर कुणाचेच घालू नका. गावाची नावे, गाड्यांचे नंबर, माणसांची नावे पाठवण्याआधीच बदला. ते काम आमच्यावर सोडू नका. फोटो पाठवताना त्यातली जागेची माहिती काढून टाका, कशी काढायची ते न कळल्यास मला विचारा.

मामूंच्या वह्यांतले ते ३४० रुपयांचे पान पहिल्या भागात नाही. त्या मुलाची आई हयात आहे. मामू पुढच्या जुम्म्यानंतर तिच्याकडे जाऊन विचारणार आहेत.